स्फटिकातले पाणी

"थांब! ती नको. ती काकांची आहे."

बारावीच्या एका मुलीने पिपेट ओठांना लावली होती. रसायनशास्त्राच्या विभागप्रमुख मॅडम टेबलांच्या रांगेतून जवळजवळ धावत आल्या. मुलीने घाबरून पिपेट खाली ठेवली. आपल्या हातून काय फुटले, काय सांडले, ते ती शोधू लागली. काहीच फुटले नव्हते.

"जा, चूळ भरून ये. नीट भर."

मुलगी बेसिनपाशी गेली. तिने तीन वेळा चूळ भरली. प्रयोगशाळेत वीस मुले होती. सगळी पाहत होती. मी आम्लाच्या बाटल्या पुसत चार हातांवर उभा होतो. काका म्हणजे मी.

पिपेट ही काचेची नळी असते, मध्ये फुगीर. आमच्याकडे ती तोंडाने ओढायची रीत होती. द्रावण खुणेपर्यंत ओढायचे, वरचे टोक बोटाने दाबायचे आणि नेमके दहा मिलिलिटर चंबूत सोडायचे. टेबलामागे एक पिपेट. चार मुले तीच आळीपाळीने तोंडाला लावत. सकाळच्या तुकडीची चार, दुपारच्या तुकडीची चार. एकमेकांचे उष्टे कोणाला खटकत नव्हते. खटकत होती एकच पिपेट. तिच्या वरच्या टोकाला निळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती, वायरमन वापरतात तसली. ती पट्टी मॅडमनी माझ्यासमोर, स्वतःच्या हाताने गुंडाळली होती.

"काका, ही तुमच्यासाठी वेगळी ठेवलीय हं. मनाला लावून घेऊ नका. हायजीन."

मी "बरं" म्हणालो होतो.

चिंचवडच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी तेहतीस वर्षे प्रयोगशाळा परिचर होतो. वडील मराठवाड्यातून पिंपरीला आले आणि कारखान्यात हमाली करीत राहिले. मी बारावी विज्ञान झालो. पुढे जमले नाही. नोकरी मिळाली ती काच धुण्याची, बाटल्या भरण्याची, गॅसच्या नळ्या तपासण्याची. परंतु तेव्हाच्या रसायनशास्त्राच्या सरांनी मला तराजूपाशी उभे केले. "धुतोस तर मोजायलाही शीक," एवढेच ते म्हणाले. वजने ते चिमट्याने उचलत. एक चिमटा त्यांनी मलाही दिला. त्यानंतर परीक्षेचे प्रत्येक द्रावण मी केले. प्राध्यापक येत, जात. प्रश्नपत्रिका बदलत. माझे द्रावण चुकले अशी तक्रार एकदाही आली नाही. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. नोंद म्हणून सांगतो.

मॅडम माझ्या निवृत्तीच्या आदल्या वर्षी, जूनमध्ये रुजू झाल्या. शिकलेल्या, नीटनेटक्या, आवाज कधी न चढवणाऱ्या. पहिल्याच दिवशी त्यांनी माझी चौकशी केली.

"काका, आडनाव गावावरून पडलंय का तुमचं?"

"हो."

"मूळचे कुठले?"

मी तालुका सांगितला.

"अच्छा! आणि घर गावातच का? की जरा बाहेरच्या बाजूला?"

"आता पिंपरीत राहतो."

"नाही, सहज विचारलं हो. दिवाळीला जाता का गावी?"

"नाही."

"मग कधी जाता?"

"एप्रिलमध्ये. चौदा तारखेला."

मॅडमनी मान हलवली. चौकशी संपली.

अज्ञात क्षार ओळखण्याची पद्धत हीच आहे. आधी कोरडी परीक्षा: रंग, वास, ज्योत. मग ओली परीक्षा: एकेक अभिकर्मक घालत गट निश्चित करायचा. शेवटी निर्णायक परीक्षा. परीक्षानळीच्या तळाशी अवक्षेप बसला की आयनाचे नाव वहीत लिहायचे. तेहतीस वर्षे मी मुलांना हे करताना पाहिले होते. त्या दिवशी परीक्षानळीत मी होतो. मी बौद्ध आहे. हे मी कधी लपवले नाही. सरळ विचारले असते तर एका शब्दात उत्तर दिले असते. पण सरळ विचारणे सभ्य नसते. गट पाडत पाडत विचारणे सभ्य असते.

पुढच्या आठवड्यात निळी पट्टी आली. तराजूच्या कपाटाची किल्ली माझ्याकडून गेली.

"परीक्षेची सोल्यूशन्स यापुढे मी करत जाईन. तुम्ही भांडी बघा काका. वयही झालं तुमचं."

ती पिपेट मी आठ महिने वापरली. सरावाच्या तासांना मुलांची कच्ची द्रावणे तपासून द्यायचो, तेवढ्यापुरती ती मला होती. ती इतरांच्या पिपेटींत ठेवायची नाही. वेगळ्या ग्लासात उभी करायची. शिपाई चेष्टा करायचा, "काका, तुमची तर व्हीआयपी पिपेट आहे राव!" मी हसायचो. हे हसणे मला आज सर्वांत जास्त टोचते. पट्टी दुसऱ्याने लावली होती. हसलो मी.

त्या मुलीला चूळ भरायला लावली त्या दिवशी मी हसलो नाही. बोललोही नाही. बाटल्या पुसून घरी गेलो.

फेब्रुवारीत बोर्डाची प्रात्यक्षिक परीक्षा आली. माझ्या निवृत्तीला चार महिने उरले होते.

परीक्षेच्या आदल्या दुपारी मॅडम ऑक्झॅलिक आम्लाचे द्रावण करीत होत्या. खांद्याने कानाशी फोन धरला होता. कुठल्याशा क्लासच्या वेळापत्रकाविषयी बोलणे चालले होते. मी पलीकडच्या बेसिनवर ब्युरेट धूत होतो. तराजूच्या पडद्यावरचा आकडा मला दिसला. साडेचार ग्रॅम.

तिथे सहा पूर्णांक तीन हवे होते.

यात कठीण काही नाही. ऑक्झॅलिक आम्ल बाटलीतून पांढऱ्या स्फटिकांच्या रूपात येते. हाताला कोरडे लागते. पण त्या स्फटिकात आम्लाच्या प्रत्येक रेणूबरोबर पाण्याचे दोन रेणू बांधलेले असतात. वजन करताना त्या पाण्याचे वजन धरावे लागते. धरले तर सहा पूर्णांक तीन. विसरले तर साडेचार. बाटलीच्या चिठ्ठीवर हे पाणी छापलेले असते. ज्या घरांनी कोणाचे पाणी कोठे भरायचे याचा पिढ्यान्‌पिढ्या काटेकोर हिशेब ठेवला, त्या घरची शिकलेली बाई स्फटिकातले पाणी विसरली.

मी म्हणालो, "मॅडम, ते वजन..."

त्यांनी फोनवर हात ठेवला. "काका, प्लीज. तुम्ही भांडी बघा ना."

मी भांडी पाहिली. साडेचार ग्रॅम लिटरच्या फ्लास्कमध्ये पडले, खुणेपर्यंत पाणी भरले गेले, बूच लागले. फ्लास्क कपाटात आणि किल्ली पर्समध्ये गेली. दुसऱ्यांदा मी तोंड उघडले नाही. तो दोष माझा आहे. तो मी पट्टीवर ढकलणार नाही. दुसऱ्या दिवशी जे रीडिंग येणार होते ते मला घरी जातानाच ठाऊक होते.

बाहेरचे परीक्षक राजगुरुनगरकडचे होते. वयस्क, सावकाश बोलणारे. अपेक्षित उत्तराची चिठ्ठी मॅडमनी त्यांना सकाळीच दिली होती: दहा मिलिलिटर. पहिल्या तुकडीने द्रावण गरम केले, ब्युरेटमधून जांभळे पोटॅशियम परमँगनेट थेंबथेंब सोडले. चंबूतला रंग उडत गेला आणि शेवटी फिकट गुलाबी टिकला. तोवर किती मिलिलिटर लागले, ते आकडे मुलांनी लिहिले. सात. सात पूर्णांक एक. सात पूर्णांक दोन. सात पूर्णांक एक.

परीक्षकांनी चष्मा वर केला.

"म्याडम, तुमची चिठ्ठी म्हणती धा. पोरं म्हणत्यात सात. आता खरं कुणाचं धरायचं?"

"मुलांचं काहीतरी चुकत असेल सर."

"इसाच्या इसांचं?"

त्यांनी स्वतः ब्युरेट भरली. स्वतः रीडिंग घेतले.

"माझं बी सातच. सात पूर्णांक एक. सोल्यूशन कुणी केलं हे?"

मॅडमनी एक क्षणही घेतला नाही. "आमच्या काकांनी. पाणी जास्त पडलं असेल त्यांच्याकडून. वय झालंय."

परीक्षकांनी माझ्याकडे पाहिले. वीस मुलांनी पाहिले. माझ्या हातात धुतलेल्या परीक्षानळ्यांचा स्टँड होता. तो मी खाली ठेवला नाही. बोललो असतो तर नळ्या किणकिणल्या असत्या आणि ते सगळ्यांनी ऐकले असते. एवढ्याच कारणाने मी गप्प राहिलो. परीक्षकांनी आपल्या अहवालात आकडा लिहिला. मुलांना त्यांनी त्यांच्या खऱ्या रीडिंगवर गुण दिले. त्यांचे नुकसान झाले नाही. उरलेले द्रावण मॅडमनी शिपायाला सांगून बेसिनमध्ये ओतवले.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी बोलावले. कागद तयार होता. बोर्डाला उत्तर द्यायचे होते आणि उत्तराखाली कोणाची तरी सही हवी होती. मजकूर असा: "परीक्षेसाठीच्या द्रावणात माझ्याकडून अनवधानाने पाणी जास्त पडले. याबद्दल मी दिलगीर आहे."

"दोन ओळी आहेत," प्राचार्य म्हणाले. "सही करा, चहा घ्या. विषय संपला."

मी म्हणालो, "उद्या सांगतो."

"यात सांगायचं काय आहे?"

"उद्या सांगतो."

बाहेर कारकुनाने मला अडवले. तो चांगला माणूस. "काका, चार महिने राहिलेत राव. कशाला ताणताय? सही केली म्हणून हात झिजतो का?"

माझी मुलगी चाकणच्या एका कारखान्यात, पेंट शॉपच्या प्रयोगशाळेत कामाला आहे. रंग देण्यापूर्वी पत्रा ज्या टाक्यांतून जातो, त्यांतले आम्ल ती दर दोन तासांनी मोजते. तिथे त्या मापाला 'पॉइंट' म्हणतात. पॉइंट चुकला तर रंग सुटतो आणि गाड्यांचे दरवाजे परत येतात. पहिली पाळी करून ती पाच वाजता आली. मी तिला सारे सांगितले. पट्टीचेही. आठ महिने घरात सांगितले नव्हते.

तिने पायातले सेफ्टी शूजसुद्धा काढले नाहीत.

"आप्पा, तोंडानं ओढता तुम्ही अजून?"

"सगळेच ओढतात."

"आमच्यात कुणी ओढत नाही. रबरी फुगा लावायचा. तोंड लावलं तर मेमो मिळतो. तुमच्याकडं फुगे नाहीत?"

"आहेत. खोक्यात. चार वर्षं झाली, फोडलेलं नाही."

तिने पाठीवरची सॅक उतरवली. मग म्हणाली, "स्वच्छता पाहिजे असती तर खोकं फोडलं असतं, आप्पा. टेप कशाला आणला असता?"

मला हे कळत नव्हते असे नाही. पहिल्या दिवसापासून कळत होते. पण ते माझ्यापाशीच होते, तोपर्यंत मी त्याला "हायजीन" म्हणू शकत होतो. आता ते माझ्या मुलीच्या तोंडून, माझ्या घरात, उघड्या दारात बोलले गेले होते. तिच्यासमोर मी "बरं" म्हणू शकत नव्हतो. म्हटले असते तर पट्टी घरात आली असती.

"सही करणार तुम्ही?" तिने विचारले.

"नाही."

"मग हातपाय धुते. भाकरी टाकते."

सकाळी प्राचार्यांच्या खोलीत मॅडमही होत्या. कागद तसाच टेबलावर होता. त्यावर पेन ठेवलेला होता.

मी उभ्यानेच बोललो. "साहेब, मी सही करणार नाही. त्या द्रावणाला हात लावायची मला मनाई होती. कपाटाची किल्ली मॅडमच्या पर्समध्ये होती. आणि दहाच्या जागी सात पूर्णांक एक यायला लिटरभर द्रावणात वरून चारशे मिलिलिटर पाणी घालावे लागते. फ्लास्क एक लिटरचा आहे. त्यात चौदाशे मावत नाहीत."

प्राचार्य म्हणाले, "मी भाषेचा माणूस आहे. मला आकडे सांगू नका."

"मग भाषेत सांगतो. हे खोटे आहे."

मॅडम पहिल्यांदा माझ्याकडे वळल्या. आवाज तोच, मऊ. "काका, मी कधी तुम्हाला वाईट बोलले का? सांगा ना सरांना. एकदा तरी?"

"नाही. आपण वाईट बोलला नाहीत. आपण पट्टी लावलीत."

खोलीत पंखा चालू होता. प्राचार्यांनी विचारले, "कसली पट्टी?" त्यांना ठाऊक होती. प्रयोगशाळेत ते कितीदा तरी आले होते.

मॅडम म्हणाल्या, "अहो, ते केवढंसं! तुम्हाला राग आहे का त्याचा? आज काढून टाकते. आत्ता काढते. सही करा तुम्ही."

तोपर्यंत माझ्या मनात कुठेतरी एक शंका उरली होती. कदाचित मीच जास्त मानतो आहे. कदाचित बाई खरेच रोगराईला भीत असेल. ती शंका त्या वाक्याने संपली. पट्टी काढता येत होती. कोणत्याही दिवशी काढता आली असती. ती जंतूंसाठी असती तर सहीच्या बदल्यात निघाली नसती. माझे उष्टे चालण्याचा एक भाव होता आणि तो त्यांनी टेबलावर मांडला: खोटे स्वतःच्या अंगावर घे, मग तुझे तोंड शुद्ध.

मी कागद उचलला, उलटा केला आणि पुन्हा ठेवला. "माझा खुलासा मी स्वतः लिहून देईन," म्हणालो आणि बाहेर आलो.

खुलासा एक पानाचा होता. साडेचार, सहा पूर्णांक तीन, सात पूर्णांक एक. किल्ली कोणाकडे होती. पट्टी कोणी, कोणत्या महिन्यात लावली. वजन चुकलेले मला दिसले होते आणि एकदा बोलून मी गप्प बसलो, हेही त्यात लिहिले. कारकून आवक शिक्का मारेना. "वरून सांगितलंय, घेऊ नको." मी त्याच्या टेबलासमोरच्या बाकावर बसलो. दुपारी जेवणाची सुट्टी झाली, तो डबा खाऊन आला, मी बसलेलोच होतो. चार वाजता त्याने शिक्का मारला. मारताना म्हणाला, "काका, तुम्ही पण ना..." वाक्य त्याने पुरे केले नाही.

मला प्रयोगशाळेतून काढून ग्रंथालयाच्या दारात बसवले. माझ्या सेवापुस्तकात शेरा पडला: "कामात निष्काळजीपणा. वरिष्ठांशी उद्धट वर्तन." बोर्डाला जे उत्तर गेले ते माझ्या सहीविना गेले. त्यात माझेच नाव होते. जूनमध्ये मी निवृत्त झालो. निरोप समारंभाला गेलो नाही. शाल आणि श्रीफळ शिपायाने घरी आणून दिले. मी ते त्याच्याच हाती परत पाठवले. मॅडम आता उपप्राचार्य आहेत.

लोक विचारतात, जातीवरून काही बोलल्या का? साक्षीदार कोण? साक्षीदार वीस होते. ती मुले आता ठिकठिकाणी गेली, आणि त्यांनी पाहिले ते एवढेच की एका मुलीला चूळ भरायला सांगितली. पट्टीवर जात लिहिलेली नव्हती. ती लिहावी लागत नाही, हीच तिची सोय.

मागच्या महिन्यात संस्थेचे पत्र आले. मी दिलगिरी व्यक्त केल्यास शेरा वगळण्याची शिफारस "सहानुभूतीपूर्वक" करण्यात येईल. मी उत्तर पाठवले नाही. शेरा वगळून मला नको आहे. तो खोटा होता म्हणून रद्द व्हायला हवा. वगळणे ही मेहेरबानी आहे. रद्द करणे ही दुरुस्ती आहे. साठ वर्षांत मेहेरबान्या पुष्कळ झाल्या.

शिक्षण कार्यालयाकडे मी अर्ज केला. सुनावणीची तारीख मिळाली आहे. अर्ज टाइप करायला पिंपरीच्या बाजारातल्या एका दुकानात बसलो होतो. टाइप करणारा तरुण, समजूतदार. मी मजकूर सांगत होतो, तो बोटे चालवीत होता. एका शब्दावर थांबला.

"काका, हा शब्द लई जड होतो बघा. 'भेदभाव' टाकू का? साहेब लोक चिडतात असलं वाचून."

"नाही."

"'गैरवर्तणूक'? तेपण चालतंय."

"नाही. मी सांगितला तोच टाका."

त्याने टाकला. एक जोडाक्षर चुकले होते. मी ते दुरुस्त करायला लावले, कारण त्या शब्दात चूक ठेवायची नव्हती. अस्पृश्यता. मग मी खाली सही केली.

सुनावणी सोमवारी आहे. समोर कोण बसणार ते मला माहीत नाही. कोणीही बसो. तो शब्द मी उभा राहून, सर्वांना ऐकू जाईल असा वाचणार आहे. बदला म्हणतील. बदलणार नाही. मागे घ्या म्हणतील. घेणार नाही.